वाचक विचारतात : मॉडेल जहाजाच्या पोटातले सीलंट आणि बॅलास्ट

मागच्या अंकात पाण्यावर चालणाऱ्या जहाज-मॉडेलचे काम सांगाडा उभारण्यापासून पट्ट्या चिकटवण्यापर्यंत दिले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे : डेक बसवण्याआधी हलच्या, म्हणजे जहाजाच्या कवचाच्या, आत काय काय करून घ्यायचे? हा प्रश्न अगदी वेळेवर आला आहे. डेक एकदा चिकटला की हॅचमधून (डेकवरच्या झाकणाच्या भोकातून) दोन बोटे जातात, ब्रश जात नाही. म्हणून या वेळी सगळी जागा या एकाच विषयाला दिली आहे.

प्रश्न : आयएनएस गोदावरी या युद्धनौकेचे १:१०० मॉडेल करतो आहे. फ्रेम प्लायच्या, पट्ट्या बाल्साच्या. बाहेरून ग्लास क्लॉथ (काचेच्या धाग्यांचे कापड) आणि रेझिन देणारच आहे. मग आतून वेगळे काही लावायला हवे का? दुकानदार म्हणतो, पांढऱ्या फेविकॉलचे दोन हात मारा, पुरे. (घणसोली)

उत्तर : लावायलाच हवे, आणि पांढरा फेविकॉल लावू नका. तो सुकल्यावर कडक दिसतो, पण पाणी साचून राहिले की पुन्हा मऊ पडतो. बाहेरचा थर कितीही चांगला असला तरी आत पाणी येतेच. पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या नळीतून थेंब येतात, वळताना हॅचच्या कडेवरून शिंतोडे येतात, आणि पावसाळ्यात नुसत्या दमट हवेनेही आतले लाकूड ओल धरते. बाल्सा तर स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी पिऊ शकतो. बाहेरून बंद आणि आतून उघडे लाकूड एका बाजूने फुगते, त्यामुळे बाहेरच्या रंगाला पट्ट्यांच्या जोडावर बारीक रेघा पडतात. शिवाय मॉडेलचे वजन दर वेळी बदलते, म्हणजे मोजून मापून केलेले बॅलास्टही (जहाज सरळ राहावे म्हणून तळाशी घातलेले वजन) वाया.

आतून लॅमिनेटिंग इपॉक्सी लावा. आपल्याकडे सहज मिळणारी जोडी म्हणजे एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर. प्रमाण वजनाने १०० ला १०. रबाळे-महापे पट्ट्यात फायबरच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत चौकशी करा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेतल्याशिवाय हे काम सुरू करू नका. ४० ग्रॅम रेझिनला ४ ग्रॅम हार्डनर लागतो. डोळ्याच्या अंदाजाने एक-दीड ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी थर चिकट राहतो, आणि चिकट राहिलेला इपॉक्सी खरवडून काढण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

तुमच्या हलचा आतला भाग ढोबळ हिशेबाने ०.३५ चौरस मीटर भरेल. पहिला हात लाकूड पिऊन टाकते, त्याला ७० ग्रॅमच्या आसपास मिश्रण धरा. दुसऱ्याला ४० ग्रॅम पुरते. मधे ८० ते १०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचे पातळ ग्लास क्लॉथ घातले तर हल ताठ होतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात पट्ट्या हलत नाहीत. कापड आणि त्यात मुरलेले रेझिन धरून एकूण दोनशे ग्रॅमच्या आत वजन वाढते. ते बरेचसे खालच्या भागात बसत असल्याने त्याची काळजी नको.

आता क्रम. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आतून घासा, धूळ व्हॅक्यूमने ओढा, फ्रेम आणि पट्टी यांच्या कोपऱ्यात साचलेला गोंद ब्लेडने काढा. हे रेझिन घट्ट असते. ते पातळ करायला थिनर घालण्याचा मोह होतो. थिनर उडून जाताना बारीक छिद्रे ठेवून जातो, म्हणून त्याऐवजी रेझिनचा डबा कोमट पाण्यात ठेवा. चाळीस अंशांवर ते छान वाहते. हार्डनर मात्र गरम करायचा नाही. एका वेळी पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका आणि कालवल्यावर पसरट ताटलीत ओता. खोल पेल्यात ठेवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि मे महिन्यात बघता बघता गोठते.

वेळ निवडताना एक बारकावा पाळा. दिवस तापत असताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे करते. म्हणून पहिला हात संध्याकाळी, तापमान उतरत असताना द्या. लाकूड तेव्हा हवेऐवजी रेझिन आत ओढते. जुलै-ऑगस्टमध्ये करणार असाल तर चोवीस तासांनी थरावर मेणचट, किंचित पांढुरकी साय दिसेल. तो दमट हवेचा परिणाम आहे. ती साय साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवून, सुकवून, हलके घासल्याशिवाय दुसरा हात देऊ नका, नाहीतर दोन थर एकमेकांना धरणार नाहीत.

पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडते, पण लाकडाला ते इपॉक्सीइतके धरत नाही आणि आत थर्मोकोल असेल तर ते विरघळवून टाकते. प्लास्टिक किटच्या पॉलिस्टायरिन हललाही ते चालत नाही.

प्रश्न : बॅलास्ट किती आणि कुठे घालायचे, याचा काही हिशेब आहे का? की पाण्यात ठेवून खडे टाकत बसायचे? माझे मॉडेल वळताना धोकादायक कलते. (नौपाडा, ठाणे)

उत्तर : दोन्ही करायचे. हिशेबाने एकूण आकडा कळतो, पाण्यात जागा कळते.

वरच्याच गोदावरीचे उदाहरण घेऊ. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही फ्रिगेट १९८३ मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे १२६ मीटर, रुंदी १४.५ मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे ३,८५० टन. १:१०० मध्ये लांबी शंभरपट कमी होते, वजन मात्र १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाखपट कमी होते. तेव्हा मॉडेल ३.८५ किलोचे झाले की ते आपल्या वॉटरलाइनवर, म्हणजे पाण्याच्या ठरलेल्या रेषेवर, बसेल. आता खर्चाची बाजू मांडा. हल, डेक आणि वरचे बांधकाम १,४०० ग्रॅम, मोटर, शाफ्ट, स्पीड कंट्रोलर, रिसीव्हर वगैरे ५५० ग्रॅम, सहा व्होल्टची सीलबंद बॅटरी ७५० ग्रॅम. बेरीज २,७०० ग्रॅम. उरले १,१५० ग्रॅम, ते तुमचे बॅलास्ट. तुमचे जहाज वेगळे असेल तर त्याच पद्धतीने आकडे बदला. १:७२ साठी भाजक ३,७३,२४८ येतो, १:५० साठी १,२५,०००.

हे सगळे वजन आत्ताच चिकटवून टाकू नका. रंग, रेलिंग, होड्या, मास्ट यांचे वजन अजून यायचे आहे. हजार ग्रॅम कायमचे, दीडशे ग्रॅम सुटे, असा वाटा ठेवा.

जागा ठरवण्यासाठी मोठा टब घ्या. पाणी किमान पंधरा सेंटिमीटर खोल हवे. नाळेवर (पुढच्या टोकावर), मध्यावर आणि पिछाडीवर, दोन्ही बाजूंनी वॉटरलाइनच्या खुणा चिकटपट्टीने करा. शिशाच्या छर्‍यांच्या पन्नास-पन्नास ग्रॅमच्या झिप-पिशव्या भरा. आधी बॅटरी मध्यावर, शक्य तितकी खाली ठेवा, कारण तीच सर्वांत जड वस्तू आहे आणि ती सरकवली की बाकीचा हिशेब फिरतो. मग पिशव्या कण्याच्या (तळाच्या मधोमध जाणाऱ्या लांब तुळईच्या) दोन्ही अंगांना जोडीजोडीने ठेवत जा. या आकाराच्या हलला सुमारे १३७ ग्रॅम वाढले की तो एक मिलिमीटर खाली बसतो. १०० ग्रॅमची पिशवी १० सेंटिमीटर पुढे-मागे सरकवली तर नाळ आणि पिछाडी मिळून जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे सरळ बसवण्यासाठी फार जड वजने टोकाला न्यायची गरज सहसा पडत नाही. टोकाला वजन नेले तर नाळ लाटेवर उचलत नाही, पाणी डेकवर घेते.

आता कलण्याचा मुद्दा. मॉडेल किती कलते हे त्याच्या एकूण वजनावर कमी आणि ते वजन किती खाली आहे यावर जास्त ठरते. ते मोजता येते. मास्टवरून दोऱ्याला छोटे वजन बांधून ३० सेंटिमीटर लांबीचा ओळंबा सोडा आणि त्याखाली फूटपट्टी आडवी ठेवा. पाणी संथ झाल्यावर १०० ग्रॅमचे वजन मध्यरेषेवरून ५ सेंटिमीटर उजवीकडे न्या. ओळंबा किती सरकला? समजा १५ मिलिमीटर. मग १५ भागिले ३०० म्हणजे ०.०५. स्थैर्याचे माप, ज्याला मेटासेंट्रिक उंची म्हणतात, ते असे निघते : १०० × ५ भागिले (३,८५० × ०.०५), म्हणजे २.६ सेंटिमीटर. खऱ्या जहाजात हे माप एक मीटरच्या आसपास असले तर मॉडेलमध्ये ते प्रमाणानुसार एक सेंटिमीटर यायला हवे. पण तलावावरचा वारा मॉडेलच्या प्रमाणात लहान होत नाही, त्यामुळे दोन-अडीच सेंटिमीटर ठेवणे शहाणपणाचे. तुमचे एकपेक्षा कमी भरत असेल तर आणखी वजन घालण्याआधी वरचे बांधकाम हलके करा. प्लायचा मास्ट काढून पोकळ पितळी नळीचा केला, ब्रिजच्या (जहाज चालवण्याच्या खोलीच्या) भिंती तीन मिलिमीटरऐवजी एकच्या केल्या, की तळाला शिसे वाढवण्यापेक्षा जास्त फायदा होतो.

उलट टोकही वाईट. तळाला खूप जास्त शिसे भरलेले मॉडेल बुडत नाही, पण झटके देत डोलते आणि खेळणे वाटते. एका बाजूला दाबून सोडा आणि पूर्ण डोलायला किती वेळ लागतो तो मोजा. खरे जहाज साधारण दहा सेकंदांत एकदा डोलत असेल तर १:१०० मॉडेलने एका सेकंदात डोलायला हवे, कारण वेळ प्रमाणाच्या वर्गमुळाने लहान होतो. पाऊण सेकंदापर्यंत ठीक दिसते. त्याहून जलद असेल तर थोडे वजन वर किंवा बाजूंना न्या.

पिशव्यांच्या जागा पेन्सिलने आखल्या की त्या रिकाम्या करून छर्रे त्याच फ्रेमच्या कप्प्यात पसरा आणि वर इतकेच इपॉक्सी ओता की ते जागचे हलणार नाहीत. कण्यालगत फ्रेमला पाणी वाहण्याची भोके ठेवली असतील ती बुजवू नका. आत आलेले पाणी एका जागी, हॅचखाली जमले पाहिजे, म्हणजे स्पंजने टिपता येते. हे महत्त्वाचे आहे, कारण मोकळे पाणी फसवे असते. साठ बाय दहा सेंटिमीटरच्या सपाट तळावर दोन मिलिमीटर पाणी म्हणजे जेमतेम १२० मिली, पण कलायला सुरुवात होतानाच ते एका बाजूला धावते आणि वरच्या उदाहरणातले २.६ सेंटिमीटरचे स्थैर्य निम्म्यावर आणते. मध्यरेषेवर बोटभर उंचीची एक उभी पट्टी लावली तर हा तोटा चौथाईवर येतो. मात्र तिच्या दोन्ही बाजूंचे पाणी वेगवेगळे टिपावे लागते.

प्रश्न : शिसे मिळत नाही आणि मुले घरात असल्याने नकोही वाटते. वाळू, प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा सिमेंट चालेल का? (कोपरी)

उत्तर : वाळू आणि प्लास्टर नको. एक किलो वाळू सहाशे मिलीपेक्षा जास्त जागा खाते, लोखंडी छर्रे दोनशेच्या थोडे वर, शिशाचे छर्रे दीडशेच्या आत, आणि शिशाचा पत्रा नव्वदच्याही खाली. बॅलास्ट जितके जाड तितके वर, आणि वर म्हणजे कमी उपयोगाचे. मोकळी वाळू सरकते आणि ओल धरते. प्लास्टर जमताना तापते, पातळ प्लास्टिकचा हल त्याने वाकतो. पुढे पाणी पिऊन त्याचा भुगा होतो. सिमेंट त्या मानाने बरे, पण एकदा घातले की काढता येत नाही.

तुमच्यासाठी लोखंड उत्तम. सायकलच्या दुकानातले छर्रे किंवा भंगारातल्या चपट्या पट्ट्या घ्या, थिनरने तेल पुसा आणि सगळ्या बाजूंनी इपॉक्सीत बुडवून टाका. उघडे राहिले तर गंज फुगतो. होकायंत्राचा सेन्सर बसवलेले मॉडेल असेल तर मात्र लोखंड त्यापासून दूर ठेवा.

ज्यांना शिसे वापरायचे आहे त्यांनी जाळ्याला लावायची शिशाची वजने घ्यावीत. दिवाळे, सारसोळे किंवा चेंदणी कोळीवाड्यात जाळ्यांचे साहित्य कुठे मिळते ते विचारा. टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजने हल्ली बऱ्याचदा लोखंडी किंवा जस्ताची असतात, नखाने चरा पडतो का ते बघून घ्या. शिसे घरी वितळवू नका, स्वयंपाकघरात तर मुळीच नाही. त्याची वाफ विषारी असते आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते उसळून अंगावर येते. घासून धूळही करू नका. हातमोजे घालून कात्रीने कापा, काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

प्रश्न : शाफ्टच्या नळीपाशी पाणी येते. आतून दोनदा सिलिकॉन भरले, तरी येते. आता त्यावर इपॉक्सी लावले तर ते सुटून निघाले. (नेरूळ)

उत्तर : सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही, ना इपॉक्सी, ना रंग. पुसल्यावरही त्याचा अदृश्य थर राहतो. ब्लेडने सगळे काढा, मग नुसते लाकूड किंवा फायबर दिसेपर्यंत घासा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर हलच्या आत आणूच नये, कारण सुकताना ते ॲसिटिक ॲसिड सोडते आणि पितळी नळी, वायरींचे जोड आणि शिसे तिन्ही खराब करते.

गळती कुठून आहे ते आधी ठरवा. नळीभोवती आतून सुक्या खडूची पूड भुरभुरा आणि हल अर्धा तास तरंगत ठेवा. पूड नळीच्या कडेने ओली झाली तर जोड गळतो आहे, नळीच्या तोंडातून ओघळ आला तर शाफ्ट. जोड गळत असेल तर नळीचा भाग ८० नंबरच्या पेपरने ओरबाडा, ॲसिटोनने पुसा, आणि इपॉक्सीत एरोसिल (सिलिकाची अतिबारीक पूड) किंवा बारीक लाकडाचा भुसा घालून लोण्याइतके घट्ट करून भोवती गोलसर बांध घाला. गुळगुळीत पितळाला इपॉक्सी धरत नाही, आणि मोटरच्या थरथरीने पहिला तडा तिथेच जातो. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसतील तर हा बांधही टिकणार नाही, म्हणून कपलिंग (मोटर आणि शाफ्टमधला जोड) काढून शाफ्ट बोटाने सहज फिरतो का ते पाहा. शाफ्टमधून गळत असेल तर नळीला वर एक उभी छोटी नळी झाळा, तिचे तोंड वॉटरलाइनच्या वर ठेवा, आणि तिथून वॉटरप्रूफ ग्रीस भरा. दर दोन-तीन वापरांनंतर थोडे नवे ग्रीस दाबायचे.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वीचे लाकडी मॉडेल काचेच्या पेटीत आहे. तळाच्या दोन पट्ट्या आपोआप उकलल्या. आत पाहिले तर शिशावर पांढरी पूड आणि ते फुगलेले. (ऐरोली)

उत्तर : शिसे पांढऱ्या गोंदाने चिकटवले होते का ते आठवून पाहा, बहुधा तेच असेल. लाकूड आणि असा गोंद दोन्ही ॲसिटिक ॲसिडची सूक्ष्म वाफ सोडतात. बंद जागेत, ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत, ती वाफ आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शिशाचे हळूहळू कार्बोनेट करतात. ते मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेते आणि पट्ट्या ढकलून उघडते. रेल्वे मॉडेलवाल्यांनाही हा अनुभव आहे. इंजिनाच्या पोटात पांढऱ्या गोंदात बसवलेल्या शिशाच्या गोळ्यांनी इंजिनेच फुटतात.

पूड विषारी आहे. झटकू किंवा फुंकू नका. मास्क आणि मोजे घालून ओल्या फडक्याने टिपा, फडके पिशवीत बंद करून टाका. शिसे सगळे काढा. पुन्हा बॅलास्ट हवेच असेल तर शोभेच्या मॉडेलला पितळी किंवा स्टेनलेस पट्टी स्क्रूने बसवा. पेटीला मागच्या बाजूने दोन-चार बारीक छिद्रे ठेवा, हवा खेळती राहिली की वाफ साठत नाही.

प्रश्न : शिवकालीन गलबताचे शिडाचे मॉडेल १:३० मध्ये केले. तळाला भरपूर वजन घातले, तरी उपवन तलावाच्या वाऱ्याला आडवे होते. खरी गलबते नुसत्या पोटातल्या वजनावर चालत ना? (वर्तकनगर)

उत्तर : चालत. कल्याण-भिवंडीच्या खाडीत बांधलेल्या जहाजांना पोटातले वजन आणि माल पुरे होता, मॉडेलला पुरणार नाही. वारा शिडाला ढकलतो तो जोर शिडाचे क्षेत्रफळ गुणिले त्याची उंची असा, म्हणजे प्रमाणाच्या तिसऱ्या घाताने लहान होतो. हलला उभे ठेवणारा जोर मात्र वजन गुणिले स्थैर्याचे माप, म्हणजे चौथ्या घाताने. त्यामुळे तोच वारा १:३० च्या गलबताला खऱ्यापेक्षा तीसपट जास्त कलवतो. पोटात कितीही भरले तरी ही तफावत भरून निघत नाही, वॉटरलाइन बुडते तेवढी.

उपाय आहे सुटा कणा. कण्याखाली १२ ते १५ सेंटिमीटर खोल जाणारी ॲल्युमिनियमची किंवा प्लायची पाती करा, तिच्या टोकाला आडवे शिसे बसवा, आणि पोटातले तेवढेच वजन कमी करा. पाती दोन एम-४ स्टेनलेस बोल्टनी धरायची. बोल्ट ज्या नळ्यांतून वर येतात त्या नळ्या हलच्या तळाशी इपॉक्सीने पक्क्या करा आणि त्यांची तोंडे वॉटरलाइनच्या वर न्या, म्हणजे वॉशर गळला तरी पाणी आत येत नाही. घरी आल्यावर पाती काढून ठेवली की मॉडेल पुन्हा अस्सल दिसते.

प्रश्न : टबमध्ये वॉटरलाइन बरोबर बसवली. खाडीचे पाणी येणाऱ्या बेलापूरच्या होल्डिंग पाँडमध्ये ती बदलेल का? (सीबीडी-बेलापूर)

उत्तर : नगण्य. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असते. पावणेचार किलोच्या मॉडेलला तो फरक शंभर ग्रॅमच्या आत, म्हणजे पाऊण मिलिमीटर वर उचलण्याइतका. खाडीचे पाणी त्याहूनही कमी खारे असते, त्यामुळे बॅलास्ट बदलायची गरज नाही. घरी परतल्यावर मात्र शाफ्ट, सुकाणू आणि आतली मोटर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, हॅच रात्रभर उघडा ठेवा आणि बॅटरी काढून घ्या.